पॅनिअर रॅकचे बोल्ट पुन्हापुन्हा ढिले होतात, त्याचं काय करायचं

माझ्या मोटरसायकलच्या पॅनिअर रॅकपैकी, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या बॅगा टांगायच्या सांगाड्यांपैकी, डाव्या रॅकचा खालचा बोल्ट. वर्षभरात पाच वेळा ढिला झाला, त्यातले दोन तर वाटेत कुठेतरी गळून पडले. शेवटचा पडला तो ताम्हिणीत, भर पावसात, माणगावकडे उतरताना. आधी मागून टिकटिक, मग खडखड, आणि एका वळणावर कोणीतरी मागून बॅग ओढतंय असं वाटलं. थांबून पाहिलं तर नऊ किलोची सॅडल बॅग वरच्या दोन बोल्टांवर लोंबत होती आणि रॅकचा खालचा पाय साडी गार्डवर आपटून त्याचा रंग खरवडत होता. उजवी बाजू ठणठणीत. रॅक एकाच कारागिराचा, वजन दोन्हीकडे सारखं, रस्ता तर एकच. मग नेहमी डावाच का?

हे कोडं सुटायला मला वर्ष लागलं, कारण मी बोल्टकडे बघत बसलो होतो.

गाडी साडेतीनशे सीसीची, एक सिलिंडरवाली. रॅक लोखंडी पाइपचे, काळं पावडर कोटिंग केलेले. प्रत्येक बाजूला वर ग्रॅब रेलच्या (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांड्याच्या) जागी दोन एम ८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचे बोल्ट आणि खाली मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर एक. तुमची गाडी वेगळी असेल, पण बहुतेक रॅक याच तीन जागा धरतात, त्यामुळे पुढचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल.

आधी मी काय काय करून पाहिलं ते सांगतो, कारण तुम्हीही यातलं निम्मं करून पाहिलं असेल.

पहिल्यांदा फक्त आवळला. दुसऱ्यांदा जास्त जोर लावून आवळला. तिसऱ्यांदा रिंग पान्यावर पाइप चढवून इतका आवळला की ब्रॅकेटला वेल्ड केलेल्या नटचे आटेच गेले. मग नाना पेठेतून हेलिकॉईल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) आणून बसवून घेतला, दिवस गेला. चौथ्यांदा स्प्रिंग वॉशर टाकला. पाचव्यांदा लॉकटाइट २४३, आटे चिकटवून धरणारा तो निळा द्रव. गंमत म्हणजे लॉकटाइट लावल्यावर बोल्ट जागचा हलला नाही, पण सहाशे किलोमीटरनंतर रॅक मात्र पुन्हा हलायला लागला. पाना लावला तर बोल्ट घट्ट चिकटलेला, आणि हाताने रॅक धरून हलवला तर खालचा पाय बोल्टाभोवती टकटक करतोय. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला. बोल्ट फिरलाच नव्हता, तरी पकड गेली होती.

पकड म्हणजे काय, ते एकदा नीट समजून घेऊ. आपल्याला वाटतं की रॅकचं वजन बोल्टाच्या दांड्यावर टांगलेलं असतं, भिंतीतल्या खिळ्यावर पिशवी असते तसं. तसं नसतं. एम ८ बोल्ट २२ न्यूटन-मीटरला (हे पान्याने दिलेल्या पिळाचं माप) आवळला की तो दोन पट्ट्यांना अंदाजे १४०० किलोच्या जोराने एकमेकींवर दाबून धरतो. त्या दाबामुळे जे घर्षण तयार होतं, ते रॅकचं वजन पेलतं. हा दाब येतो कुठून? आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि रबरासारखा मागे यायला बघतो, त्यातून. पण हा ताण किती, तर दोन सेंटीमीटर जाडीच्या जोडात मिलिमीटरचे जेमतेम तीन-चार शतांश. पावडर कोटिंगचा एक थर साधारण सहा ते आठ शतांश जाड असतो. म्हणजे बोल्ट जेवढा ताणला गेलाय, त्याहून जाड प्लास्टिकसारखा थर त्याच्या डोक्याखाली आणि पट्ट्यांमध्ये बसलाय. ऊन, सायलेन्सरची धग आणि हादरे यांनी तो थर थोडासा जरी दबला तरी बोल्टाचा ताण संपला. बोल्ट फिरायची गरजच नाही.

आणि आता डावी-उजवीतला फरक. उजवीकडे फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर थेट रॅकचा पाय. डावीकडे मध्ये साडी गार्डची पट्टी. म्हणजे ब्रॅकेट, त्यावर साडी गार्ड, त्यावर रॅक, आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही अंगांना रंग. मोजले तर डावीकडे कोटिंगचे पाच थर एकाच बोल्टाखाली, उजवीकडे तीन. शिवाय साडी गार्डची पट्टी वाकवलेली, पूर्ण सपाट नव्हतीच. मी ज्याला नशीब म्हणत होतो ते हे होतं.

(साडी गार्ड काढून फेकून द्या हा सल्ला सर्रास मिळतो. मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं काहीतरी लागतं. रॅकच ते काम करत असेल तर गोष्ट वेगळी. माझी आई मागे साडी नेसून बसते, त्यामुळे माझ्या घरी हा विषय चर्चेला येत नाही.)

बोल्टाची लांबीही तेव्हाच पाहिली. कंपनीचा मूळ बोल्ट साडी गार्डच्या हिशेबाने दिलेला. त्यात रॅकची पाच मिलिमीटरची पट्टी वाढली, वॉशर वाढला, आणि तो नटमध्ये जेमतेम चार आटे धरत होता. लोखंडी नटमध्ये निदान बोल्टाच्या जाडीइतकी लांबी आत गेली पाहिजे, म्हणजे एम ८ला ८ मिलिमीटर, सव्वा मिलिमीटर अंतराच्या आट्यांनी सहा-साडेसहा आटे. अॅल्युमिनियममध्ये दीडपट. रवि‍वार पेठेत बोहरी आळीत जाऊन आधीपेक्षा दहा मिलिमीटर जास्त लांब, ८.८ ग्रेडचे (ही ताकदीची प्रत) बोल्ट आणले. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, बघून घ्या. दुकानदार हमखास चकचकीत स्टेनलेसचे पुढे करतो. कोकणच्या हवेत ते गंजत नाहीत हे खरं, पण नेहमीचे ए २-७० स्टेनलेस ८.८पेक्षा नरम असतात आणि त्यांच्या जोडीला स्टेनलेसचाच नट असेल तर आटे एकमेकांत जाम होतात. रॅकच्या मुख्य जोडांना मी ते वापरत नाही.

रॅक हलतोय हे आधीच कसं ओळखायचं

ढिला बोल्ट आवाज करायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. मी आता तीन गोष्टी बघतो. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर पांढऱ्या पेंट पेनने एक सरळ रेघ. रेघ तुटली तर बोल्ट फिरला. रेघ शाबूत आहे, पण जोडाच्या कडेला तांबूस किंवा काळी बारीक भुकटी दिसते, तर बोल्ट जागेवर असून पट्ट्या एकमेकींवर घासतायत. हा प्रकार जास्त फसवा, कारण पाना लावून माणूस समाधानाने पुढे जातो. तिसरी गोष्ट हाताची: एकाने गाडी सरळ धरायची, दुसऱ्याने रॅकचा मागचा, बाहेरचा, खालचा कोपरा धरून आत-बाहेर हलवायचा. माझा कोपरा रिकाम्या रॅकलाच दोन सेंटीमीटर लचकत होता. त्यावर नऊ किलो टांगून मी वरंधा उतरलो होतो.

हे आडवं लचकणंच बोल्टाचा खरा वैरी. गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली प्रयोग करून दाखवलं की बोल्टाच्या लांबीच्या दिशेने हादरे दिले तर तो सहसा इतका सुटत नाही, पण त्याने धरलेल्या पट्ट्या आडव्या, एकमेकींवर मागेपुढे सरकल्या की तो आपोआप उलटा फिरत जातो. त्याच धर्तीच्या चाचणीत स्प्रिंग वॉशरचं पितळ उघडं पडतं. आवळल्यावर तो चपटा होऊन बसतो आणि बोल्टाच्या जोरापुढे त्याचा स्वतःचा जोर काहीच नसतो. आपलं इंजिन ५००० आरपीएमला तासाभरात तीन लाख फेरे मारतं. पट्टी सरकत असेल तर तिला सरकायला तेवढ्या संधी.

म्हणून क्रम असा: आधी हलणं बंद करायचं, मग पकड सुधारायची, आणि लॉकटाइट सगळ्यात शेवटी.

हलणं बंद कसं करायचं ते मला पौडच्या अलीकडे एका टपरीवर कळलं. शेजारी एक दूधवाल्या मामांची गाडी उभी होती, दोन्हीकडे दुधाचे मोठाले कॅन. प्रत्येक कॅनात वीस लिटर धरलं तरी बाजूला वीस किलोच्या वर. माझ्या दुप्पट वजन, आणि रोजचा रस्ता माझ्या सहलीच्या रस्त्यापेक्षा वाईट. मी खाली वाकून स्टँड बघायला लागलो.

"मामा, बोल्ट ढिले होत नाहीत का हो?"

"व्हत्यात की. पर ही खालची पट्टी हाय तवर कॅन हालत न्हाई. कॅन हालला की समदंच हालतं."

मागच्या चाकाच्या पलीकडून, नंबर प्लेटच्या खाली, डावा आणि उजवा सांगाडा जोडणारी एक साधी लोखंडी पट्टी. दोन्ही टोकांना वेल्ड, गंजलेली, वाकडीतिकडी. आणि कॅन जिथे टेकतो तिथे ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे. मी विचारलं, पट्टी काढली तर? मामांनी चहाचा घोट घेतला. "आठ दिसात वेल्डिंग सोडतंय."

माझ्या रॅकला ही जोडपट्टी नव्हतीच. विकणाऱ्याने दिली नाही आणि मी मागितली नाही. तिच्याशिवाय प्रत्येक रॅक म्हणजे पुढच्या बाजूला तीन बोल्टांवर धरलेलं दार, मागचं टोक मोकळं. पट्टी लावली की डावा रॅक बाहेर जायला लागला तर उजव्याला ओढावं लागतं, आणि तिथेच सगळं थांबतं.

भोसरीत एका फॅब्रिकेटरकडून १६ मिलिमीटरच्या पाइपची करून घेतली, साडेचारशे रुपये. पाइपची टोकं नुसती चेपून त्यात भोक पाडू देऊ नका, चेपलेल्या जागी तो तुटतो. टोकाला वेगळी पट्टी वेल्ड करून घ्या. एका बाजूचं भोक गोल, दुसऱ्या बाजूचं लांबट ठेवा, म्हणजे बसवताना रॅक ओढावा लागत नाही. आणि चाकापासूनचं अंतर गाडी मोकळी उभी असताना मोजू नका. मागे दोन धडधाकट मित्र बसवून सस्पेन्शन पूर्ण दाबून पाहा, टायर वर येतो तेव्हा कुठे जातो ते. आता तोच कोपरा हाताने दोन-तीन मिलिमीटरच्या वर हलत नाही.

पुन्हा बसवताना

पूर्ण रॅक उतरवला. जिथे जिथे पट्टी पट्टीवर बसते आणि जिथे वॉशर टेकतो, तेवढ्याच गोल जागेवरचं पावडर कोटिंग आधी कानस आणि मग पॉलिश पेपर मारून लोखंड दिसेपर्यंत काढलं. साडी गार्डची वाकडी पट्टी व्हाइसमध्ये धरून सपाट केली. उघड्या लोखंडावर बसवताना ग्रीसचा हात पट्टीच्या कडेने फिरवला, दाबल्या जाणाऱ्या भागावर नाही. एवढ्याने गंज थांबत नाही, पावसाळ्यानंतर एकदा बघावं लागतं.

मग बोल्ट न लावता रॅक नुसता धरून पाहिला. वरची दोन भोकं जुळली की खालचं सात मिलिमीटर बाहेर राहत होतं. आतापर्यंत मी ते सात मिलिमीटर बोल्ट आवळून ओढून घेत होतो. म्हणजे सामान ठेवायच्या आधीच रॅक ताणलेला, आणि तो ताण वेल्डवर आणि बोल्टावर चोवीस तास. लेथवाल्याकडून बरोबर सात मिलिमीटरचा लोखंडी बुश (बोल्टावर चढणारी आखूड नळी) करून घेतला. वॉशरची चळत लावून अंतर भरणं हा लोकप्रिय उपाय आहे, पण सहा वॉशर म्हणजे घासायला आणखी सहा जागा. बुश आला म्हणजे बोल्ट पुन्हा तेवढा लांब घ्यायचा, हे विसरून मी बोहरी आळीत दुसरी चक्कर मारली.

बसवताना सगळे बोल्ट आधी बोटांनी दोन-तीन आटे. जोडपट्टीसुद्धा. सगळं लागलं की मगच वरचे, मग खालचा, शेवटी जोडपट्टी. वरचे पक्के आवळून मग खालचं भोक स्क्रू ड्रायव्हरने उचकटून जुळवायचं, ही जी आपली पद्धत आहे तिनेच अर्धे रॅक तुटतात. एम ८ला २२ आणि एम ६ला ९-१० न्यूटन-मीटर हे ८.८ बोल्टांचे ढोबळ आकडे. गाडीच्या पुस्तकात त्या जागेसाठी वेगळा आकडा असेल तर तो धरा. जिथे मागून नट लावता येतो तिथे नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला नट), आणि नायलॉक नट बोटांनी फिरायला लागला असेल तर तो फेकून द्यायचा. आंधळ्या, म्हणजे मागे हात पोचत नाही अशा नटमध्ये लॉकटाइट २४३, पण आटे पेट्रोलने नाही, थिनरने पुसून कोरडे करून, आणि रात्रभर गाडी उभी ठेवून. पूर्ण सुकायला चोवीस तास. मी पहिल्या वेळी तेलकट बोल्टावर लावून त्याच तासात निघालो होतो. लाल लॉकटाइटच्या वाटेला जाऊ नका, काढताना गॅस लावावा लागतो.

बॅगेचं हलणंही यात धरा. रॅक दगडासारखा पक्का, पण त्यावर बॅग झुलत असेल तर ती प्रत्येक खड्ड्यात हातोडीसारखी काम करते. कापडी बॅगेला सीटवरचे पट्टे पुरत नाहीत. पुढच्या खालच्या कोपऱ्यातून एक पट्टा फूटरेस्टच्या बाजूला ओढून बांधा, म्हणजे ती मागे सरकत नाही. पट्ट्यांची लोंबती टोकं चेनच्या बाजूला सोडू नका. पेटीवाले पॅनिअर असतील तर हुक आणि पाइपच्या मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा. सायलेन्सरच्या बाजूला चार बोटं मोकळी ठेवा, माझ्या रेनकोटला तिथे बशीएवढं भोक आहे.

वाटेत बोल्ट पडलाच तर? सीटखाली एम ६ आणि एम ८चे दोन-दोन लांबीचे बोल्ट, नायलॉक, मोठे वॉशर, बाइंडिंग वायर आणि दोन होज क्लिप एवढी पुडी ठेवा. ताम्हिणीत माझ्याकडे यातलं काही नव्हतं. बॅग काढून सीटवर बांधली, रॅकचा पाय बुटाच्या लेसने ब्रॅकेटला आवळला आणि माणगावपर्यंत तिसाच्या वेगाने गेलो. बॅग लटकती ठेवून हळू जाऊ असा मोह होतो. रॅकचं टोक आत वळलं तर समोर फिरतं चाक असतं, हे लक्षात ठेवा.

बोल्ट पक्के आहेत तरी आवाज येतोय, तर वेल्ड बघा. रात्री टॉर्च तिरका धरून, पाय जिथे पाइपला जोडलाय तिथे. काळ्या कोटिंगवर केसाएवढी तांबडी रेघ म्हणजे बहुतेक तडा, गंज आतून बाहेर आलेला. नुसतं वरून वेल्ड भरलं तर शेजारी पुन्हा तुटतो. कोपऱ्यात छोटी तिरकी पट्टी टाकून सीओटू वेल्डिंग करून घ्या, आणि रॅक गाडीवरून काढूनच. हल्लीच्या बीएस ६ गाड्यांत ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कंप्युटर) आणि सेन्सर आहेत, गाडीवर वेल्डिंगची कांडी टेकवू देऊ नका.

टॉप रॅकबद्दल थोडक्यात. तो मागच्या एक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तिथला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. ऐंशीच्या पुढे हँडल अंगात आल्यासारखं डुलायला लागलं तर बोल्ट नाही, आधी वरचं वजन बघा. हत्यारं, पाणी, चेन ल्यूब खाली आणि शक्य तितकं पुढे. वर फक्त कपडे. मागची हवा आणि शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) सामानाप्रमाणे वाढवा. मागे पेटी बसवणार असाल तर २०२० साली केंद्राने घातलेली मापं आहेत: लांबी ५५०, रुंदी ५१० आणि उंची ५०० मिलिमीटरच्या आत. पेटी मागच्या सीटच्या जागेवर आली तर मग चालवणारा एकटाच.

बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला नायलॉकवाले बोल्ट एकदा पान्याने तपासले, दोन किंचित बसले होते. लॉकटाइटवाल्यांना पाना लावला नाही, नाहीतर सुकलेला थर तुटतो. तिथे फक्त रेघ पाहिली. त्यानंतर गणपतीपुळे, मग दापोली, मग पुन्हा ताम्हिणी, मिळून सव्वीसशे किलोमीटर. डाव्या खालच्या बोल्टाची पांढरी रेघ अजून सरळ आहे आणि भुकटीही नाही. गेल्या रविवारी धुताना एक तुटलेली रेघ सापडली, नंबर प्लेटच्या एम ६ची. तिथे अजून स्प्रिंग वॉशर आहे.